एकेचाळीस सेकंद

"मावत नाही," मी म्हणाले.

अरुणदादा बशीत चहा ओतत होता. वर न बघताच त्याने विचारलं, "काय?"

"फाइल. डिस्कवर मावत नाही."

"असं कसं? काल वही भरून गणित केलंस. बरोब्बर मावेल म्हणालीस."

म्हणाले होते. 'बरोब्बर' हा शब्दही माझाच होता. पडद्यावर मात्र लाल पट्टी आली होती आणि तिच्याखाली लिहिलं होतं, तीनशे एकतीस एमबी जागा कमी पडते आहे. अकराला दहा कमी होते. दीड वाजता तालुक्याच्या सरकारी कार्यालयाची जीप जिल्ह्याला निघणार होती आणि ही डिस्क त्या जीपमध्ये असायला हवी होती. त्याआधी, एक वाजता, लाइट जाणार होते. त्या वर्षी आमच्या तालुक्यात रोज एक ते चार लोडशेडिंग असायचं.

ही २००८ सालची गोष्ट. एम.एस्सी. होऊन मला वर्ष झालं होतं. कॉलेजात जागा नव्हती, म्हणून बाजारपेठेतल्या 'प्रसन्न व्हिडिओ'मध्ये मी एडिटिंग करत होते. अरुण तोडणकर हा तिथला मालक, कॅमेरामन आणि बाकी सगळं. एरवी आमच्याकडे लग्नं, मुंजी, बारशी. पण गेल्या मंगळवारी आम्ही वेगळंच काम केलं होतं. खाडीवर येऊ घातलेल्या कोळशाच्या वीज प्रकल्पाची जनसुनावणी. मांडव घालतात, साहेब बसतात, ज्याला बोलायचं असेल तो चिठ्ठीवर नाव देतो आणि नाव पुकारलं की माईकपाशी जाऊन आपलं म्हणणं सांगतो. ते सगळं चित्रित करून वर पाठवायचं, काहीही न कापता. परवानगी द्यायची की नाही हे ठरवणारी माणसं खाडी बघायला येणार नव्हती. ती बघणार असतील तर ही डिस्क बघणार होती.

चार तास दहा मिनिटांचं चित्रीकरण. अरुणदादाने सवयीने सुरुवातीला कमळातून उगवणारा गणपती टाकला होता, तो मी काढला. फाइलचं नावही त्याने 'शुभविवाह सुनावणी' असं दिलं होतं, ते राहू दिलं.

"लग्न दीड तासाचं असतं," अरुणदादा म्हणाला. "सेकंदाला किती जागा घ्यायची, तिथे मी नेहमी सहाचा आकडा टाकतो, मावतं. तुझंच डोकं चाललं या दशांश-बिशांशात."

"सहा टाकला असता तर तीन डिस्क लागल्या असत्या."

"मग चुकलं कुठे?"

मी वही पुढे ओढली. चूक शोधायला दोन मिनिटंही लागली नाहीत, त्याचंच जास्त वाईट वाटलं. डिस्कवर छापलेलं असतं चार पॉइंट सात जीबी. कॉम्प्युटर जीबी मोजतो तो हजार चोवीसच्या पटीत. शाळेपासून आम्हाला तेच शिकवलेलं. मी तसंच मोजलं. डिस्क बनवणारे मात्र हजाराच्या पटीत मोजतात. त्यांचे चार पॉइंट सात म्हणजे कॉम्प्युटरच्या हिशेबाने चार पॉइंट सदतीस. बाजारातल्या कुठल्याही एडिटरला हे हाताच्या सवयीने माहीत असतं. न शिकलेल्या माणसाकडून ही चूक झालीच नसती.

"पुन्हा कर," अरुणदादा म्हणाला.

"एन्कोडिंगला काल लाइट आल्यापासून अकरा तास लागले."

तो उठला. त्याने पंखा वाढवला, पुन्हा कमी केला, दारात जाऊन रस्त्याकडे बघितलं आणि परत आला. मीही बसू शकत नव्हते. कप विसळला. विसळलेला कप पुन्हा विसळला.

पडद्याच्या कोपऱ्यात एन्कोडिंगचा आलेख अजून उघडा होता. फाइल लहान करताना प्रोग्रॅम बघतो की चित्रात काय हललं. जे हललं नाही ते तो पुन्हा लिहीत नाही. त्यामुळे स्थिर बसलेला माणूस स्वस्त पडतो आणि हातवारे करणारा महाग. साहेब आणि कंपनीची माणसं टेबलामागे चार तास हलली नव्हती, तिथे रेघ सपाट होती. गावकरी बोलायला आले की रेघ उसळत होती. दोन तास एक्कावन्न मिनिटांवर एक खोल खड्डा होता आणि त्याच्या पुढे लगेच सगळ्यांत उंच डोंगर. मी ती खिडकी बंद केली.

सव्वाअकराला पाटणे आले. कार्यालयातले कारकून. सुनावणीत चिठ्ठ्या हातात घेऊन नावं पुकारत होते तेच. काखेत फाइल, कपाळावर घाम.

"झाली का? द्या, म्हणजे मी लिफाफा बंद करतो."

"भाऊसाहेब, बसा ना," अरुणदादा म्हणाला. "चहा सांगतो."

"चहा सांगतो म्हणालात म्हणजे झालेली नाही."

अरुणदादाने त्यांना सांगितलं. माझी चूक आहे असं तो म्हणाला नाही, 'मशीनचा प्रॉब्लेम' म्हणाला. मी म्हणाले, "चूक माझी आहे. दोन डिस्क करून देते, वीस वीस मिनिटांत होतील."

"दोन?" पाटण्यांनी फाइल उघडून माझ्यासमोर धरली. "हे वाचा. सोबत: डीव्हीडी, एक. कंसात अक्षरी एक. जावक नंबर पडलाय, साहेबांची सही झालीय, साहेब कालपासून मुंबईला आहेत. एकच्या जागी दोन पाठवल्या तर पत्र परत येईल, नवीन सही, नवीन नंबर. आणि मुदत आज साडेपाचला संपते. मुदतीत पोचली नाही तर वरचे म्हणतील चित्रीकरणच मिळालं नाही. मग कंपनीचं छापील निवेदन तेवढं राहतं फाइलला."

"मोठी डिस्क मिळते ना, दुप्पट मावणारी?"

"रत्नागिरीत मिळेल," अरुणदादा म्हणाला. "आणि आपला डीव्हीडी रायटर ती घेत नाही."

 समोरच्या दुकानात कुणीतरी मिक्सर तपासून घेत होतं. तो घरघरायचा, थांबायचा, पुन्हा घरघरायचा.

"किती जास्त होतंय?" अरुणदादाने विचारलं. "मिनिटांत सांग."

"सतरा मिनिटं, बारा सेकंद."

"मग सतरा मिनिटं काप. चार तासांत सतरा मिनिटं कुणाला कळणार आहेत?"

"काटछाट न करता असं प्रमाणपत्र द्यायचंय," मी म्हणाले.

"लग्नात काय करतो आपण? कंटाळवाणं झालं की वर सनई टाकतो आणि पुढे जातो. आजपर्यंत एक तरी विहीणबाई भांडायला आली?" त्याने खुर्ची ओढून पडद्याकडे तोंड केलं. "साहेबांचं भाषण कापता येणार नाही. कंपनीच्या माणसाचं तर नाहीच. सरपंच बोललाय, तो राहू दे. ती कालवंवाली म्हातारी आहे ना, पारूकाकी? ती किती वेळ बोलते?"

मला माहीत होतं. "सोळा मिनिटं एकतीस सेकंद."

"बघ. आकडे नाहीत, कागद नाही, सगळं आपलं पाय आणि पाणी."

पाटणे छताकडे बघत होते. "मी यातलं काही ऐकलेलं नाही," ते म्हणाले. "पण बाई तशी विषयाला धरून बोलत नव्हती, हे खरं आहे."

पारूकाकी डोर्लेकर ओहोटीला खाडीच्या खडकांना चिकटलेली शिंपल्यातली कालवं काढायची आणि घरोघर विकायची. आमच्या घरी ती मी लहान असल्यापासून येत होती. दोन वर्षांपूर्वी एम.एस्सी.च्या प्रोजेक्टसाठी मी चार महिने खाडीच्या पाण्याचं तापमान मोजत होते, तेव्हा थर्मामीटरची पेटी तिनेच सांभाळली. मी काच पाण्यात घालायच्या आधी ती पायांवरून आकडा सांगायची. "आज कालच्यापेक्षा एकानं जास्त हाय बघ." अर्ध्या अंशापलीकडे ती कधी चुकली नाही. सुनावणीच्या आदल्या संध्याकाळी मी तिच्याकडे गेले होते, हे त्या दोघांना माहीत नव्हतं. पाणी पाच अंशांनी तापलं तर आणि अकरा अंशांनी तापलं तर कालवांचं काय होतं ते मी तिला विचारायला गेले होते.

"कापणं किती वेळाचं काम आहे?" अरुणदादाने विचारलं.

"वीस मिनिटं."

"मग?"

मी कापायचा छोटा प्रोग्रॅम उघडला. माझा हात व्यवस्थित चालत होता, मला त्याचं आश्चर्य वाटलं. सुरुवातीची खूण मी दोन तास एक्कावन्न मिनिटं सात सेकंदांवर ठेवली. शेवटची तीन तास आठ मिनिटं एकोणीसवर.

अरुणदादा जवळ वाकून बघत होता. "म्हातारी एक्कावन्न अठ्ठेचाळीसला येते, दिसतंय की. तू आधीपासून कशाला घेतलंस?"

"तिची सोळा एकतीस. आणखी एकेचाळीस सेकंद लागतात. आधीची घेतली की बरोब्बर होतं."

"हां, मग ठीक आहे," तो म्हणाला.

गणित खरंच तसं होतं. सतरा मिनिटं बारा सेकंद, एकही जास्त नाही. इतकं चपखल बसणारं उत्तर प्रयोगवहीत आलं असतं तर मी संशय घेतला असता. खुणा लागल्या होत्या. फक्त एक बटण दाबायचं होतं. समोरचा मिक्सर पुन्हा घरघरला आणि थांबला.

"दाब की," अरुणदादा म्हणाला.

"खूण तपासते एकदा," मी म्हणाले आणि हेडफोन लावला.

तो हेडफोन महिनाभरापासून अर्धा मेलेला होता. डाव्या बाजूची वायर तुटली होती. मी शेवटच्या खुणेपासून मागे, पारूकाकीच्या भाषणात गेले. ती दोन्ही हात कोपरापासून हलवून पाणी कसं चढतं ते दाखवत होती. मग तिने एक वाक्य म्हटलं. मी ते उजव्या कानाने ऐकलं. मागे जाऊन पुन्हा ऐकलं. तिसऱ्यांदा ऐकताना माझा डावा हात नकळत तुटक्या वायरीकडे गेला आणि तिथेच थांबला.

डाव्या कानात काहीच येत नव्हतं. तरीही ऐकायचं काहीच सुटत नव्हतं.

"अरुणदादा, मांडवात माईक किती होते?"

"किती म्हणजे? एकच. त्यांच्या स्पीकरमधून आपण वायर घेतली होती."

"मग आपल्याकडे डावीकडे आणि उजवीकडे एकच आवाज आहे."

"असेल. मग?"

"लग्नाच्या सेटिंगमध्ये आवाज दुहेरी असतो. बँड, सनई, म्हणून तीनशे चौऱ्याऐंशीवर. मी फक्त चित्राचं गणित केलं, आवाजाचं सेटिंग तुझंच राहिलं." मी वही उलटी करून मागच्या पानावर लिहायला लागले. माझं अक्षर बिघडलं होतं. "आत्ता आवाजच सहाशे सत्त्याऐंशी एमबी खातोय. एकेरी केला आणि बोलण्यापुरता ठेवला तर दोनशे एकोणतीस. चारशे अठ्ठावन्न वाचतात. आपल्याला हवेत तीनशे एकतीस."

"म्हणजे?"

"म्हणजे कुणालाच कापायला नको. चित्राला हातही लावायचा नाही. दोनदा लिहिलेला आवाज एकदा लिहायचा."

पाटण्यांनी छतावरची नजर खाली आणली. "किती वेळ?"

"आवाजाला पंचवीस मिनिटं. पुन्हा जोडायला वीस. डिस्कला पंधरा." घड्याळात बाराला पाच कमी होते. "एकाच्या आत."

"आणि नाही झालं तर?" अरुणदादाने विचारलं. "मग कापायलाही वेळ नाही. मला पुढच्या महिन्यात भाऊसाहेबांच्या ऑफिसची आणखी दोन कामं मिळणार आहेत, शलाके."

"नाही झालं तर माझं नाव सांग."

त्याने बशी उचलली. मग गार झालेला चहा एका घोटात पिऊन टाकला. "कर."

त्यानंतरचा तास मला मिनिटामिनिटाने आठवतो. पट्टी सरकत होती आणि आम्ही तिघं तिच्याकडे बघत होतो. पाटणे खिशातून डबा काढून सुपारी कातरत होते. अरुणदादा दर पाच मिनिटांनी इन्व्हर्टरवर हात ठेवून बघत होता, आजारी माणसाच्या कपाळावर ठेवावा तसा. बॅटरी जुनी होती. मी उठत होते, बसत होते. बारा पस्तीसला आवाज झाला. बारा त्रेपन्नला जोडणी झाली. आकडा आला चार पॉइंट पंचवीस.

"मावली!" अरुणदादा ओरडला. "टाक डिस्क."

"थांब. आवाज आणि ओठ जुळतात का ते बघायला हवं. मध्येच सरकला असेल तर सगळं फुकट."

"मग बघ ना पटकन, कुठेही."

कुठेही. सुरुवातीला बघून उपयोग नव्हता, सरकला असेल तर तो उशिराच कळतो. शेवटी साहेब आभार मानत होते, पण कागदात तोंड घालून, ओठ दिसत नव्हते. ओठ स्पष्ट दिसतील, हात हलतील आणि बराच वेळ गेलेला असेल अशी एकच जागा होती. मी दोन तास एक्कावन्नवर गेले. वेळ नव्हता म्हणून हेडफोन न लावता स्पीकर चालू केला.

पडद्यावर रिकामा माईक. मागे मांडवाचा निळा पडदा. मग पाटण्यांचा आवाज, स्वच्छ, अगदी कानाशी आल्यासारखा:

"पुढचं नाव. शलाका विनायक भाटकर."

रिकामा माईक.

"शलाका विनायक भाटकर. आहेत का?"

कुठेतरी खुर्ची सरकल्याचा आवाज. कुणीतरी खोकलं.

"शलाका भाटकर? तिसऱ्यांदा पुकारतोय. नाहीत. बरं, पुढे."

मग डावीकडून नऊवारीचा ओचा सावरत पारूकाकी आली. तिचं नाव अजून पुकारलेलं नव्हतं. तिने माईक एका हाताने धरला.

पाटण्यांचा अडकित्ता अर्ध्यावर थांबला.

"शलाके," अरुणदादा म्हणाला. "हे तुझं नाव आहे."

"हो."

"मी कुठे होतो?"

"टेप बदलून चहाला गेला होतास."

"आणि तू?"

"कॅमेऱ्यापाशी. हेडफोन लावून."

पाटणे पडद्याकडे, मग माझ्याकडे बघत राहिले. "चिठ्ठी तुमची होती?" ते म्हणाले. "मी तीनदा पुकारलं, ताई. मला वाटलं बाई आलीच नाही."

मी आले होते. कंपनीच्या अहवालात चौसष्ट पानावर लिहिलं होतं की प्रकल्प समुद्राचं किती पाणी घेणार आणि त्यात किती उष्णता सोडणार, आणि एकशे बारा पानावर, ते परत सोडताना पाच अंशांनी गरम असणार. एका पानावरचा आकडा दुसऱ्या पानावरच्याला कधी भेटलाच नव्हता. त्या उष्णतेला त्या पाण्याने भागलं तर उत्तर पाच नाही, अकरा येत होतं. मी चार वेळा केला. चिठ्ठीवर नाव लिहून पेटीत टाकलं. दोन ओळींचं बोलणं पाठ केलं. आणि नाव पुकारलं तेव्हा ते मला हेडफोनमधून, मांडवातल्या सगळ्यांपेक्षा मोठ्याने, दोन पावलांवरून आल्यासारखं ऐकू आलं. माझा हात कॅमेऱ्यावर होता. मी तो तिथेच ठेवला. फोकस बघितला. फोकस ठीक होता.

"मी ओरडलो असतो असं वाटलं तुला?" अरुणदादाने विचारलं. "कामावर असताना बोललीस म्हणून?"

"नाही," मी म्हणाले. ते खरं होतं. तसं वाटलं असतं तर बरं झालं असतं.

पडद्यावर पारूकाकी बोलत होती. तापलेल्या डबक्यात कालवं तोंड उघडतात आणि मग मिटत नाहीत, ते सांगत होती. ओठ आणि आवाज तंतोतंत जुळत होते. मग ते वाक्य आलं, जे मी थोड्या वेळापूर्वी तीनदा ऐकलं होतं.

"कागदात पाच लिवलंय तां खोटं. पाच नाय, अकरा. पोरीनं मोजलंन."

"कुणी मोजलं?" साहेबांचा आवाज.

"येईल ती. लाजते जरा." आणि पारूकाकीने मान वळवून सरळ कॅमेऱ्याकडे बघितलं. चार-पाच सेकंद. मी येते का ते बघत होती.

अरुणदादाने हात पुढे करून चित्र थांबवलं. त्याच्या लक्षात आलं होतं. "सुरुवातीची खूण तू सातव्या सेकंदावर लावली होतीस," तो हळू म्हणाला.

"हो."

"गणित बरोबर होतं म्हणून?"

"गणित बरोबर होतं."

 त्याने कोरी डिस्क कव्हरमधून काढून, कडेला धरून माझ्या हातात दिली.

बारा अठ्ठावन्नला डिस्क फिरायला लागली. एक वाजता लाइट गेले. पंखा थांबला, इन्व्हर्टर एकदा किंचाळला आणि त्याने भार घेतला. अरुणदादाने धावत जाऊन ट्यूब बंद केली, फ्रिज बंद केला, वळून मला म्हणाला, "मॉनिटर." मी मॉनिटरही बंद केला. आता किती झालं ते कळायला काही मार्ग नव्हता. शटर अर्धं खाली होतं. उकाड्यात आम्ही तिघं रायटरच्या इवल्याशा लुकलुकत्या दिव्याकडे बघत उभे राहिलो. इन्व्हर्टर दर अर्ध्या मिनिटाला चिरकत होता. पाटण्यांनी कातरलेली सुपारी तशीच मुठीत धरली होती.

"कितीची बॅटरी आहे?" त्यांनी कुजबुजत विचारलं.

"लग्नाच्या सीझनमध्ये अर्धा तास देते," अरुणदादाही कुजबुजला. "आत्ता तिची मर्जी."

एक वाजून चौदा मिनिटांनी डिस्क आपोआप बाहेर आली. गरम होती.

पाटण्यांनी प्रमाणपत्राचा कागद काढला. 'सदर ध्वनिचित्रमुद्रण सलग असून त्यात कोणतीही काटछाट केलेली नाही.' खाली नाव आणि सही. अरुणदादाने पेन काढलं, मग ते माझ्यापुढे केलं. "काम तुझं आहे."

मी पूर्ण नाव लिहिलं. पाटण्यांनी ते वाचलं, कागदावर फुंकर घातली.

"भाऊसाहेब," मी विचारलं, "तो आकडा मी आता लेखी दिला तर?"

"लेखी सूचनांची मुदत सुनावणीपुरतीच होती, ताई." ते दाराशी गेले. वाकून शटरखालून बाहेर पडता पडता थांबले. "पण म्हातारीनं सांगितलाय की. आहे रेकॉर्डवर."

संध्याकाळी मी खाडीवर गेले. ओहोटी होती. पारूकाकी खडकावर उकिडवी बसून कोयत्याने कालवं फोडत होती. सुनावणीनंतर मी तिला तोंड दाखवलं नव्हतं.

"गेली काय ती डिक्स?"

"गेली."

"मी हाय तिच्यात?"

"आहेस. सगळीच्या सगळी."

"नि तू?"

मी चपला काढून पाण्यात उतरले. "मीपण आहे. एकेचाळीस सेकंद."

"काय बोललीस?"

"काही नाही."

तिने एक कालव फोडलं, आतला जीव डब्यात टाकला, शिंपला मागे भिरकावला. मग पाण्यातल्या माझ्या पायांकडे हनुवटी केली. "किती हाय आज?"

थर्मामीटर घरी होता. मी म्हणाले, "मला पायांवरून कळत नाही काकी."

"सांग तर. चुकलीस तर चुकलीस."

"अठ्ठावीस?"

"साडेअठ्ठावीस," ती म्हणाली आणि दुसरा कोयता माझ्याकडे सरकवला.

तो प्रकल्प आमच्या खाडीवर आला नाही. कंपनीला कोळशाची हमी मिळाली नाही असं पेपरात आलं होतं. ती डिस्क कुणी उघडून बघितली का, मला माहीत नाही. त्या फाइलची एक प्रत माझ्याकडे आहे. मी एकदा त्या एकेचाळीस सेकंदांना किती जागा लागली ते मोजलं. जेमतेम तीन एमबी. रिकामा माईक हलत नाही, त्यामुळे प्रोग्रॅमला तिथे लिहिण्यासारखं काही सापडत नाही.

चार वर्षांनी दुसऱ्या खाडीवर, दुसऱ्या कंपनीची सुनावणी झाली. तेव्हा मी कॉलेजात शिकवत होते. दोन बस बदलून गेले, चिठ्ठी टाकली. पहिल्या हाकेला उठले. त्या चित्रीकरणाचीही प्रत मी मागून घेतली आहे. माझा आवाज सुरुवातीपासून शेवटपर्यंत कापतो. आकडा बरोबर आहे.